कँटनचा ‘श्रॉफ’ आणि आपला सराफ

प्रश्न असा : युरोपातल्या गिऱ्हाइकांसाठी बनवलेल्या एका जुन्या चिनी बशीचा फोटो पाहिला. बशीवर लांब वेणीचा माणूस काटा धरून नाणी तोलतोय, खाली ‘कँटनचा श्रॉफ’ अशी ओळ (कँटन म्हणजे दक्षिण चीनमधलं बंदर, आजचं ग्वांगझू). चिनी माणसाचं आडनाव श्रॉफ कसं?

ते आडनाव नाही, धंदा आहे. आणि शब्द आपलाच, सराफ. ‘आपलाच’ म्हणजे तरी काय, मूळ अरबी ‘सर्राफ’, फारसीतून आपल्याकडे आलेला; नाणी बदलून देणारा तो सर्राफ. गुजरातीत तो ‘शराफ’ झाला. गोव्यात पोर्तुगीजांनीही तो ‘श’नेच उचलला. 1583 ते 1588 या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोतेन या डच माणसाने रस्त्यारस्त्यावर बसणाऱ्या या ‘शराफां’बद्दल लिहून ठेवलंय. इंग्रजांच्या तोंडी त्याचा ‘श्रॉफ’ झाला आणि व्यापाराबरोबर तो चीनला गेला.

तिथे त्याला काम भरपूर होतं. 1757 ते 1842 पाश्चात्त्य जहाजांना कँटन हे एकच बंदर खुलं. चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी या सगळ्याचा मोबदला बव्हंशी स्पॅनिश चांदीच्या डॉलरांत जाई. एक डॉलर साधारण 27 ग्रॅमचा. लबाड लोक तो आतून पोखरून शिसं किंवा तांबं भरत. म्हणून श्रॉफ प्रत्येक नाणं बघे, वाजवे, तोले. फोटोतला काटा बहुधा तिथलाच असणार : एकच पारडं, दांडीवर बारीक ठिपके, त्यांवरून सरकवायचं वजन. असा काटा ठेवायला व्हायोलिनच्या आकाराची लाकडी पेटी असे. कँटनमध्ये ही विद्या शिकवायच्या शाळाही होत्या. गुरुजी खोटे डॉलर जपून ठेवत, विद्यार्थ्यांचा हात बसावा म्हणून!

नाणं खरं ठरलं की त्यावर ठसा मारायचा. त्याचं इंग्रजी नाव ‘चॉप’, म्हणजे आपल्याकडची ‘छाप’च. हातोहात फिरून इतके ठसे बसत की चपट्या डॉलरची वाटी होई. पुढे तो फुटला तर तुकडे नुसत्या वजनावर चालत. इंग्रजीत ‘फर्स्ट चॉप’ म्हणजे अव्वल माल, तोही याच छापेतून निघालाय.

मराठीत ही पारख करणारा पोतदार. सराफाकडे सुटी नाणी मिळत आणि हुंडी, म्हणजे परगावी पैसे पाठवायची चिठ्ठी. नाणं बदलताना कापला जाई तो बट्टा. ‘नावाला बट्टा लागला’ म्हणताना आज कुणाला सराफाचं दुकान आठवत नाही. मला तर वाटतं, सराफ म्हणजे दागिन्यांचा दुकानदार हा अर्थ इतका घट्ट बसलाय की मूळ धंदा सांगितल्यावर लोकांना नवल वाटतं.

हाँगकाँगमध्ये मात्र शब्द वेगळ्याच वाटेला लागला. तिथल्या पार्किंगमध्ये आजही इंग्रजीत ‘श्रॉफ’ अशी पाटी दिसते. तिथे सोनंनाणं काही नाही; गाडी बाहेर काढण्याआधी पार्किंगचे पैसे भरायची ती खिडकी.