बाळाच्या शीमध्ये रक्ताचे धागे दिसतात. डॉक्टर मला दूध-दही बंद करा म्हणतात, सासूबाई म्हणतात अंगावर पाजणंच बंद कर. काय करू? किती दिवस?

पाजणं अजिबात बंद करू नका. बाळ अडीच महिन्यांचं, फक्त अंगावर पितंय, वजनही वाढतंय असं तुम्ही लिहिलंय. माझ्या लेकीचं अगदी हेच झालं होतं, म्हणून हातातलं काम टाकून लिहायला बसले.

आम्ही सोलापूरचे. लेक सात आठवड्यांची होती. पहाटे लंगोट बदलताना शी हिरवट, शेंबडासारखी दिसली. खिडकीशी नेऊन बघितलं तर तिच्यात लाल धागा. सासऱ्यांचा जन्म यंत्रमागावर गेलेला, आमच्या घरात चादरीचे दोरे कुठंही चिकटलेले असतात. मी तो धागा चिमटीत धरून ओढायला गेले आणि बोटाला रक्त लागलं.

मग घरात एकच धोशा सुरू झाला, हिचं दूध बाधतंय. चुलत सासूबाई तर पाळण्याशी बसून येईल त्याला तेच सांगायच्या. पहिल्या डॉक्टरांनीही पाजणं थांबवून डब्याची पावडर लिहून दिली. ती पावडर गाईच्या दुधाचीच होती! दोन दिवसांत रक्त वाढलं. दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांनी डबा बंद केला आणि नीट समजावलं. आई जे दूध-दही खाते त्यातली प्रथिनं थोडीशी अंगावरच्या दुधात उतरतात, आणि एखाद्या बाळाच्या आतड्याला तेवढीही सोसत नाहीत. म्हणजे बाधत होतं गाई-म्हशीचं, माझं नव्हे. तुम्हाला कुणी लॅक्टोजचं, म्हणजे दुधातल्या साखरेचं, सांगत असेल तर ती गोष्ट वेगळी. अंगावरच्या दुधातली ती साखर आपलं शरीरच बनवतं, आईनं दूध सोडल्यानं ती कमी होत नाही.

मी दूध, दही, ताक, तूप, लोणी, खवा सगळं सोडलं. अळिवाची खीरसुद्धा नारळाच्या दुधात. दहा दिवस झाले तरी धागे दिसतच होते. माझा संशय सासूबाईंवर. चहात थेंबभर दूध घालत असणार, असं मनात धरून मी त्यांच्याशी दोन दिवस बोललेसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "अगं, बार्शीहून आईनं पाठवलेल्या दशम्या खातेस की तू रोज, पीठ कशात मळलंय?" दुधात! लहानपणापासून खात आले, पण डोक्यातच आलं नाही. सासूबाईंची मी माफी मागितली. दशम्या बंद केल्या आणि पाचव्या दिवशी लंगोट स्वच्छ निघाला. तो लंगोट मी चुलत सासूबाईंसमोर धरला होता. पुढं तीन आठवड्यांनी डॉक्टरांनीच खात्रीसाठी थोडं दही खायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी धागे परत आले. याहून वेगळा पुरावा काय हवा? पण "पोरीला आईचं दूध लागलं" हे चुलत सासूबाई अजूनही लग्नाकार्यात सांगतात.

तेव्हा तुम्हीही पुडक्यांवरचं बारीक अक्षर वाचा. बिस्किटं, टोस्ट, ब्रेडमध्ये बऱ्याचदा दुधाची पावडर असते. गाईचं बंद करून म्हशीचं किंवा शेळीचं घेऊन उपयोग नाही, प्रथिनं फार जवळची आहेत. आणि कुणी म्हणालं म्हणून शेंगा, तीळ, वांगं, तूरडाळ सोडत बसू नका. मला पाच दिवस नुसत्या मऊ भातावर ठेवलं होतं, उठताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. बाळंतिणीला असं उपाशी मारणं मला मान्यच नाही. मी नंतर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊनच पाजलं, लेकीला काही झालं नाही. दूध सोडल्यावर कॅल्शियमचं मात्र बघा. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असतं, तिळात त्याहून कितीतरी जास्त, पण मला डॉक्टरांनी गोळ्याही दिल्या होत्या.

किती दिवस म्हणाल, तर फरक पडतो का हे बघायला दोन ते चार आठवडे. त्यानंच थांबलं तर बाळ ९ ते १२ महिन्यांचं होईपर्यंत पथ्य पाळायला सांगतात. बहुतेक बाळांना पुढं सोसतं. माझी लेक आता ताक पिते.

हे सगळं वजन वाढणाऱ्या, खेळत्या बाळाचं झालं. रक्त जास्त असेल, ताप असेल, सारखी उलटी होत असेल, बाळ मलूल पडलं असेल तर माझं उत्तर वाचत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. कधीकधी शीच्या जागी चीर पडूनही रक्त येतं, तेही डॉक्टरांनीच बघायचं. आणि जाताना सासूबाईंना सोबत न्या, त्यांना थेट डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे.