आधी लटकायला शिका

प्रश्न : वय ३८, वजन ८२ किलो, नाशिकला अंबडच्या कारखान्यात बैठं काम. तीन महिन्यांनी ५ किलोमीटरची अडथळ्यांची शर्यत आहे. त्यात भिंत, मंकी बार, दोर, वाळूची पोती. ५ किलोमीटर कसेबसे धावतो, पण एकही पुल-अप निघत नाही. धावणं वाढवू की जिम लावू?
– एक वाचक, सिडको

उत्तर : धावणं वाढवू नका, जिमचे पैसेही तूर्त वाचवा. अशा शर्यतीत दम संपून बाहेर पडणारे थोडे, मूठ सुटून पडणारे फार. म्हणून सुरुवात लटकण्यापासून.

जवळच्या उद्यानात बार असेल तर तो पुरे. अंगठा बारखालून वळवून मूठ बंद करा आणि खांदे कानांपासून खाली ओढून धरा. नुसतं लोंबकळलात तर सगळा भार सांध्यावर येतो. पहिल्या आठवड्यात १० सेकंद, ५ वेळा, मध्ये दीड मिनिट विश्रांती. दर आठवड्याला ५ सेकंद वाढवा. ३० सेकंद निघाले की एक हात क्षणभर सोडून पुन्हा धरा. मंकी बार म्हणजे हेच, फक्त डोक्यावरच्या एका दांडीवरून दुसरीवर पुढे सरकत. पुल-अपसाठी स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर न्या आणि ५ सेकंदांत सावकाश खाली या. असे तीन-तीनचे तीन फेरे. हे सगळं एक दिवसाआड. उत्साहानं रोज केलं की कोपराची आतली बाजू धरते, कारण स्नायू लवकर तयार होतात, कंडरांना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना) वेळ लागतो.

भिंतीवर हातांनी झोंबू नका. धावत येऊन एक पाऊल कमरेच्या उंचीला भिंतीवर मारा, त्याच झोक्यात दोन्ही हात वर, मग कोपर, मग टाच. पलीकडे उडी टाकायची नाही. हातांनी लोंबकळायचं, अंतर कमी करायचं, मग गुडघे वाकवून दोन्ही पायांवर उतरायचं. घोटे मुरगळतात ते उतरताना. (सराव सोसायटीच्या कंपाउंडवर नको, वर काचा रोवलेल्या असतात.)

दोरासाठी दोरीचा मल्लखांब शिकवणारी तालीम मिळाली तर सोनंच. नाहीतर एवढं लक्षात ठेवा : दोर उजव्या पायाच्या बाहेरून सोडा, उजव्या तळव्याखालून डाव्या पायानं उचलून उजव्या पावलावर घ्या आणि डाव्या पायानं दाबा. आता वजन पायांवर आलं, हात फक्त वर सरकतात. खाली येताना दोर हातांतून घसरू दिला तर तळवे भाजतात.

पोत्यासाठी रविवारी पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या. जुन्या सॅकमध्ये ५ किलो वाळू, घट्ट बांधलेली; हलती राहिली तर कंबर धरते. दोनदा चढा, उतरताना पळू नका. महिन्याभरानं ८ किलो.

धावणं आठवड्यातून दोनदा, ३-४ किलोमीटर, गोल्फ क्लब किंवा कृषीनगरच्या ट्रॅकवर. कडक रस्त्यावर नडगी दुखायला लागते. दर ५०० मीटरला थांबून १० बैठका, ५ जोर. शर्यतीत धाप लागलेली असतानाच अडथळा समोर येतो.

प्रश्न : बारमुळे तळहाताचे घट्टे फाटतात. हातमोजे घालू का?
– एक वाचिका, पंचवटी

उत्तर : नको. मोजा ओला झाला की आतल्या आत फिरतो आणि पकड जाते. तुम्ही बार तळव्याच्या मध्यात धरत असणार; वजन आलं की कातडीची घडी बोटांकडे ओढली जाऊन फाटते. बार बोटांच्या मुळाशी धरा. आंघोळीनंतर वज्रीनं घट्टा सपाट करा, पुरता काढू नका. फाटलाच तर साबणानं धुवून झाकून ठेवा आणि नवी कातडी येईपर्यंत बार बंद. तोवर पायऱ्या आहेतच.

प्रश्न : शर्यतीसाठी नवे बूट घ्यावेत का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : घ्या, पण महिनाभर आधी. पाण्यातून निघाल्यावर सुती मोजे फोड आणतात, म्हणून पॉलिएस्टरचे घ्या आणि एकदा मुद्दाम भिजवून त्यात २ किलोमीटर पळून बघा.