बायकोच्या नागरिकत्वाचा अर्ज दीड वर्ष पडून आहे, उशीर कमी करायला सरकार काही करतंय का?

तुमची बायको नेपाळची, लग्नाला नऊ वर्षं झाली आणि अर्ज दीड वर्ष पडून आहे असं तुम्ही लिहिलंय. दादा, करतंय सरकार, पण सगळ्यांसाठी सारखं नाही.

मी सांगली जिल्ह्यातल्या विट्याचा. आमच्याकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, देशभर पसरलेत, थोरला भाऊ तर काठमांडूला होता, तिथंच लग्न करून वहिनीला गावी घेऊन आला आणि तिच्या फाइलीमागं मीच फिरलोय.

२००९ च्या नागरिकत्व नियमात मुदत आहे, कलेक्टरनं ६० दिवसांत फाइल राज्याकडं पाठवायची आणि राज्यानं ३० दिवसांत दिल्लीला गृह मंत्रालयाकडं. अर्ज आता ऑनलाइन, फाइल नंबर मिळतो, स्टेटस दिसतं, हे खरंच चांगलं झालंय, नाहीतर नुसतं विचारायला एस्टीनं सांगलीला जायचं म्हणजे अख्खा दिवस जायचा. २०१६ ला पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातनं आलेल्या हिंदू, शीख वगैरे लोकांसाठी काही जिल्ह्यांत कलेक्टरलाच नागरिकत्व द्यायचा अधिकार दिला होता, आपल्याकडं नागपूर, मुंबई, पुणे, ठाणे. मार्च २०२४ ला त्याच लोकांसाठी सीएएचे, म्हणजे नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम आले, त्या अर्जांची कमिटी वेगळी. नेपाळवाल्यांना या दोन्हीतलं काहीच लागू नाही, आपली फाइल जुन्याच रस्त्यानं जाते.

आमचं घोडं अडलं ते भलतीकडंच. लग्नावरनं अर्ज करायला सात वर्षं भारतात राहिलेलं लागतं आणि त्यातले अर्जाआधीचे शेवटचे १२ महिने सलग, खास कारण असलं तर केंद्र फार तर ३० दिवस सूट देतं. वहिनीची आई आजारी होती म्हणून ती त्याच १२ महिन्यांत ४० दिवस नेपाळला माहेरी राहिलेली. पोलीस चौकशीला आले, चहा झाला, त्यांनी विचारलं आणि तिनं खरं ते सांगितलं. अर्ज बाद झाला, परत वर्षभर थांबून नवा भरला. अर्ज घेताना टेबलावरच्या माणसानं एका शब्दानं विचारलं असतं तर हे वर्ष वाचलं असतं, याचा मला अजून राग येतो. पोर्टल करून उपयोग काय, जिल्ह्याला अशा फाइली हाताळणारा जाणता माणूस पाहिजे. पोरं जन्मानं भारतीय, मतदानाला सगळं घर शाळेत जातं आणि वहिनी एकटी घरी, हे बघवत नाही ओ.

तुम्ही आधी स्टेटस बघा, फाइल जिल्ह्यातच असली तर कलेक्टर ऑफिसला ६० दिवसांच्या मुदतीचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दिल्लीला पोचली असेल तर पीजी पोर्टलवर, म्हणजे केंद्र सरकारच्या तक्रारीच्या वेबसाइटवर तक्रार टाका, ऑगस्ट २०२४ पासून तिथं निपटाऱ्याची मुदत २१ दिवस केलीय. आणि कुणी काहीही सांगू दे, मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत नेपाळचं नागरिकत्व सोडायला लावू नका, मधेच काही अडलं तर तुमची बायको ना इकडची ना तिकडची.