शाळेची किल्ली कोणाकडे होती?

पुढे काय शिकू असं विचारणारं एका मुलीचं पत्र आलंय. पत्र असं आहे:

"सर, मी कोल्हापूरची, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत राहते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. बाबा गणपती करतात. २०१९ ला आणि २०२१ ला आमच्या घरात पुराचं पाणी आलं. दुसऱ्या वेळी मी परीक्षा न देताच दहावी पास होऊन बसले होते. रात्री महापालिकेची गाडी भोंग्यावरून सांगत आली, आम्ही बाहेर पडलो, शाळेपाशी गेलो तर शाळेला कुलूप. अर्धा तास पावसात उभे होतो. किल्ली आली आणि मग सगळं झालं. जेवण आलं, डॉक्टर आले, चादरी आल्या. तेव्हापासून मला एकच पडलंय की त्या आठवड्यात शहर चालवत कोण होतं? कलेक्टर, आयुक्त, नगरसेवक की तालमीची पोरं? मला हेच काम करायचंय. आपत्ती व्यवस्थापनाचा कोणता कोर्स करू? बाबा म्हणतात बँकेच्या परीक्षा दे, आई म्हणते यूपीएससी."

कोर्सचं शेवटी बोलू. आधी शहर कोण चालवत होतं ते, कारण ते नीट कळलं तर कोर्सचा प्रश्न निम्मा सुटेल.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. धरणाचं पाणी पाटबंधारे खात्याकडे. (राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे तर त्यांनाही विचारत नाहीत, पाणी चढलं की उघडतात.) गल्लीतली विजेची डीपी-पेटी कधी बंद करायची ते महावितरणने ठरवायचं, रस्ता पोलिसांनी अडवायचा. पण या सगळ्यांचा निर्णय होऊन माणूस घराबाहेर पडला, की त्याला पाणी, संडास, जेवण, दवाखाना आणि झोपायला कोरडी जागा लागते, आणि ती द्यायची महापालिकेने. म्हणजे हुकूम कोणाचाही असो, तुझ्या दारात आलेली भोंग्याची गाडी महापालिकेचीच होती.

या कायद्यात २०२५ साली दुरुस्ती झाली. महापालिका असलेल्या शहरांसाठी वेगळं शहर आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमायची सोय त्यात आहे. तिथे अध्यक्ष महापालिका आयुक्त आणि उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. कागदावर खुर्च्यांची ही अदलाबदल छोटी दिसते, पण तुझ्या वयाच्या मुलांसाठी ती महत्त्वाची आहे. शहराच्या आपत्तीचं काम यापुढे शहराच्या कचेरीतच जास्त होणार.

आता महापालिका म्हणजे कोण? राज्यशास्त्राच्या पुस्तकात तू महापौर, महासभा, स्थायी समिती हे वाचलं असशील. महापौरांकडे कार्यकारी अधिकार नाहीत, ते आयुक्तांकडे, हेही वाचलं असशील. मग पूर आला की आयुक्तांना महासभा बोलवावी लागते का? नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९, कलम ६७ (३) (क). हे कलम महापालिकेतल्या कारकुनालाही तोंडपाठ असतं. आणीबाणीत लोकांच्या सुरक्षिततेसाठी किंवा महापालिकेच्या मालमत्तेच्या रक्षणासाठी जे तातडीने करावं लागेल ते आयुक्तांनी करावं, एरवी लागणारी मंजुरी नसली तरी. पण कलम तिथे संपत नाही. काय केलं, का केलं आणि अंदाजपत्रकात नसलेला किती खर्च झाला, हे आयुक्तांनी लगोलग स्थायी समितीला आणि महापालिकेला कळवायचं असतं. कचेरीच्या भाषेत याचा पुढचा टप्पा म्हणजे कार्योत्तर मंजुरी. आधी काम, मग मंजुरी. पण मंजुरी टळत नाही.

इथे तुझ्या शहराची एक गंमत आहे. गंमत म्हणायची तरी कशी. कोल्हापूरच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि निवडणूक व्हायला २०२६ चा जानेवारी उजाडला. मधली पाच वर्षं सरकारने नेमलेला प्रशासक. म्हणजे २०२१ च्या महापुरात आयुक्तच प्रशासक होते, आणि स्थायी समितीचे अधिकारही प्रशासकाकडेच होते. आयुक्तांनी केलेला खर्च प्रशासकांना कळवायचा, प्रशासकांनी त्याला मान्यता द्यायची, आणि दोन्ही सह्या एकाच पेनाच्या. त्याच जुलैमध्ये शेजारच्या सांगलीत निवडून आलेलं सभागृह होतं. तुमच्याकडे पैसे चुकीचे खर्च झाले असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला माझ्याकडे काही नाही. प्रश्न विचारायची जागा रिकामी होती एवढंच म्हणतो. नगरसेवकांना आपण नावं ठेवतो, त्यातली बरीच ती कमावलेलीही असतात. पण कुठल्या वाड्यातल्या आजी पाणी कमरेला आलं तरी हलणार नाहीत, कोणाकडे डायलिसिसचा पेशंट आहे, कोणाची म्हैस वरच्या मजल्यावर चढवावी लागेल, ही यादी आयुक्तांच्या टेबलावर नसते. नगरसेवकाच्या डोक्यात असते, किंवा तुझ्या तालमीच्या पोरांच्या.

महापूर म्हटलं की टीव्हीवर बोट दिसते. मी तुला दुसरं चित्र दाखवतो. दोन्ही महापुरांत पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला, जिथे तिची पातळी मोजतात तिथे, ५५ फुटांच्या वर गेली. शिंगणापूर, बालिंगा इथली शहराला पाणी देणारी उपसा केंद्रं पाण्याखाली गेली. काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणारी थेट पाइपलाइन तेव्हा सुरू व्हायची होती. शहराभोवती समुद्र आणि नळाला थेंब नाही. पूर ओसरला तरी लगेच पाणी येत नाही, कारण पंपाच्या मोटारी भिजलेल्या असतात. त्या खोलायच्या, गाळ धुवायचा, वाइंडिंग म्हणजे आतल्या तारांचं वेटोळं वाळवायचं, ओल राहिली का ते सांगणारं मेगर नावाचं यंत्र लावून बघायचं. आकडा आला नाही तर परत वाळवायचं. घाई करून मोटार चालू केली तर ती जळते आणि शहर आणखी तहानलेलं राहतं. त्या वेळी आयुक्तांना दर तासाला फोन येत असतात, "पाणी कधी?" आणि तिथला अभियंता चिखलात उभा राहून सांगतो, "साहेब, अजून नाही." मला विचारशील तर त्या दिवसातला शहराचा सर्वात मोठा निर्णय तो "अजून नाही" असतो.

दुसरं सांगतो ते माझ्याच नोकरीतलं. मुलांना मार्गदर्शन करण्याच्या या व्यवसायात येण्याआधी नऊ वर्षं मी एका महापालिकेच्या लेखा विभागात होतो, नाव राहू दे. एका पुराच्या वर्षी दोन प्रभागांतून जेवणाच्या पाकिटांची बिलं आली. पहिल्या प्रभागाच्या बिलाला केटररची एक चिठ्ठी जोडलेली, नुसता पाकिटांचा आकडा आणि खाली सही. कोणत्या शाळेत, किती माणसं, कोणी घेतली, काही नाही. तिथल्या मुख्य लिपिकाने तीन रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. पण दोन वर्षांनी लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, तोवर तोंडी आदेश देणारे साहेब बदलून गेले होते, आणि वसुलीची नोटीस त्या लिपिकाच्या नावाने आली. दुसऱ्या प्रभागात एक स्वच्छता निरीक्षक बाई होत्या. त्यांनी शाळेच्या मुलांची असते तसली शंभर पानी वही आणलेली. तारीख, वेळ, शाळा, डोकी, पाकिटं, घेणाऱ्याची सही. पानं भिजून चिकटलेली, निळी शाई पसरलेली, पण वाचता येत होतं. त्यांचं बिल माझ्या टेबलावरून त्याच दिवशी पुढे गेलं. लिपिकावर अन्याय झाला असं मला आजही वाटतं. तरी नोकरीला लागणाऱ्या मुलांना मी वही आणायला सांगतो.

आता तुझं. राज्यशास्त्राच्या पदवीवर पंपाच्या मोटारीपाशी जाता येणार नाही, त्याला अभियांत्रिकी लागते. तो दरवाजा बंद. बाकीचे बरेच उघडे आहेत.

नुसता आपत्ती व्यवस्थापनाचा कोर्स करून महापालिकेत शिरता येईल या भ्रमात राहू नकोस. आपत्ती विभागात जागा मोजक्या. पुराच्या रात्री काम करतात ती माणसं एरवी दुसऱ्याच पदावर असतात. कोणी पाणीपुरवठ्यात, कोणी आरोग्यात, कोणी अग्निशमनात, कोणी कर विभागात. आधी पद, मग पूर. पूर काय, दर दोन-तीन वर्षांनी येतोच आहे.

तुझ्यासाठी मला पहिला मार्ग दिसतो तो एमपीएससीच्या राज्यसेवेचा. त्यातून मुख्याधिकारी होता येतं, नगरपरिषदेत. छोट्या गावाचा मुख्याधिकारी म्हणजे तिथला आयुक्तच. पंचविशीत एका गावाचं पाणी, कचरा आणि पूर हातात येतो. पुढे महापालिकेत उपायुक्त म्हणूनही जाता येतं. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, म्हणजे तुझ्यासारख्या लिहिणाऱ्या मुलीला ती त्रासापेक्षा फायद्याचीच. खुल्या गटाला वयाची अट ३८ पर्यंत असल्यामुळे मुलं वर्षानुवर्षं पुण्याच्या अभ्यासिकेत बसतात. तू तसं करू नकोस. तीन प्रयत्न, आणि सोबत हातात काहीतरी.

ते काहीतरी म्हणजे स्वच्छता निरीक्षकाचा एक वर्षाचा डिप्लोमा. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था, १९२६ पासूनची, हा चालवते. नाव ऐकून आई नाक मुरडेल. तिला त्या शंभर पानी वहीची गोष्ट सांग. पूर ओसरल्यावर शहराला साथींपासून वाचवणारी माणसं हीच. चिखल उचलायचा, मेलेली जनावरं हलवायची, क्लोरीन बघायचं, डेंग्यूच्या अळ्या शोधायच्या. नगरपरिषदांच्या भरतीत या पदाची जाहिरात येते.

अग्निशमन तुला झेपेल की नाही ते तूच ओळख. नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. तिथली पहिली विद्यार्थिनी, हर्षिनी कान्हेकर, नागपूरचीच, आणि त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. मुंबईत विद्यानगरीला राज्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे सहा महिन्यांचा फायरमनचा कोर्स असतो. शारीरिक निकष असतात, ते आधी तपास आणि मग पोहायला शीक. पंचगंगेच्या काठच्या मुलीला पोहता येत असेलच, पण विचारून ठेवलं.

आणि कोर्सच करायचा असेल तर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत जमशेटजी टाटा स्कूल ऑफ डिझास्टर स्टडीज आहे, तिथे एम.ए. कर. तिथून वाट जास्त करून संस्था, सल्लागार कामं आणि संशोधनाकडे जाते. चांगली वाट आहे, फक्त ती भोंग्याच्या गाडीपर्यंत जाईलच असं नाही.

आई म्हणते ती यूपीएससी वाईट नाही, आयुक्तांच्या खुर्चीकडे जाणारा तोच मोठा रस्ता. पण आयुक्त दोन-तीन वर्षांत बदलतात. कोणत्या गल्लीचा व्हॉल्व्ह कुठे पुरलाय हे पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला माहीत असतं, आणि तो तिथेच असतो. तुला कोणासारखं व्हायचंय ते आधी ठरव. बाबांच्या बँकेबद्दल एवढंच, की दोन पूर ज्यांच्या अर्ध्या रंगवलेल्या मूर्तींवरून गेले ते मुलीसाठी दर महिन्याचा पगार मागणारच. परीक्षा दे बँकेची. अंकगणित आणि इंग्रजीचा तोच अभ्यास एमपीएससीच्या पूर्व परीक्षेलाही कामाला येतो, आणि घरात शांतता राहते.

या उन्हाळ्यात एक कर. आपदा मित्र म्हणजे आपत्तीत मदत करणारे स्वयंसेवक, त्यांचं प्रशिक्षण जिल्हा प्रशासनाकडून होतं. पुढची तुकडी कधी आहे ते जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती कक्षात विचार.

दुसरं, तुमच्या पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. महापालिकेला खरं काम करायला मिळतात ते हे मधले चार फूट. इशाऱ्याच्या आसपास सुतारवाड्यातली कुटुंबं चित्रदुर्ग मठात हलवतात, तिथे सवय झाली आहे, कोणाला कुलूप उघडायला शोधावं लागत नाही. तुझ्या गल्लीचं तसं झालं नव्हतं. तर आत्ता, पाऊस लागायच्या आत, तुमच्या विभागीय कार्यालयात जा आणि विचार की कुंभार गल्लीसाठी यंदा निवारा केंद्र कोणतं, त्याची किल्ली रात्री कोणाकडे असते आणि तो माणूस गावाला गेला तर दुसरी कोणाकडे. उत्तर लेखी माग. एका खेपेत मिळणार नाही. कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर पाठवतात ते वहीत लिहून ठेव आणि मला कळव, मग राज्यसेवेच्या अभ्यासाचं वेळापत्रक आपण बसून करू.