पाणी पाजलं की शी होते, मग पाजायचं कशाला?

पावसाळा लागला की तालुक्याच्या दवाखान्यात माझ्यापुढे हा प्रश्न हमखास येतो. यावेळी विचारणाऱ्या आजी होत्या. चौदा महिन्यांचा नातू सुनेच्या मांडीवर, आदल्या दिवसापासून जुलाब-उलट्या. रात्रीपासून आजींनी पाणी बंद केलेलं, अंगावरचं दूध तेवढं चालू. "पोटाला जरा आराम नको का, ताई?"

आजी पाहत होत्या ते खरंच होतं. पोटात काही गेलं की आतडी हलतात आणि आधीचं साठलेलं बाहेर येतं. आत्ताचा घोट इतक्यात खाली येत नसतो. साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात एकत्र गेलं, की जुलाब चालू असतानाही आतडी पाणी ओढून घेतात. ओआरएसची, म्हणजे जुलाबात पाजायच्या साखर-मिठाच्या पाण्याची, करामत एवढीच. जुलाब त्याने लगेच थांबत नाहीत, आणि नेमका इथेच घरच्यांचा धीर सुटतो.

सुनेने ओआरएसची पुडी आणली होती, पण ती वाटीभर पाण्यात अंदाजाने चिमूटभर टाकत होती. "एवढंसं लेकरू लिटरभर कुठे पिणार?" सगळं त्याला प्यायचं नसतंच. पण लिटरची पुडी अख्खी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच घालायची. घट्ट झालं तर जुलाब वाढतात. उरलेलं 24 तासांनी खुशाल ओतून द्या, पुडी गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेकडे, म्हणजे आशाताईंकडे फुकट मिळते.

मग तिथेच वाटी-चमचा घेऊन बसलो. थोड्या वेळाने पोराने ओकून टाकलं. "बघा!" आजी म्हणाल्या. दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू केलं, दोन-तीन मिनिटांनी एकच चमचा. या वेळी राहिलं. दोन वर्षांखालच्या मुलाला दर पातळ शीनंतर 50 ते 100 मिली पुरे. डॉक्टरांनी झिंकही दिलं, रोज 20 मिलिग्रॅम. जुलाब थांबले तरी ते 14 दिवस पुरं करायचं. दूध आणि मऊ खिचडी चालूच.

निघताना आजींचं आलंच, "मग ग्लुकोज पावडर?" ती नको. तिच्यात मिठाचा मेळ नसतो, आणि फार गोड पाणी उलट जुलाब वाढवतं. सुनेला मात्र बजावलं: डोळे खोल गेले, पोर मलूल पडलं, पिईनासं झालं, सहा-आठ तास लघवी नाही किंवा शीतून रक्त पडलं, तर चमचा बाजूला ठेवून बसू नका. वाटेतही पाजत, पण लगेच दवाखान्यात या, मग मध्यरात्र असली तरी.