ओपन एमआरआय आहे म्हणून फॉर्म घाईत भरू नका

"मॅडम, आता मशीनच ओपन आहे, मग कसली तयारी?" असं म्हणत एक पन्नाशीचे गृहस्थ आले होते. कंबरेचा एमआरआय अर्धवट सोडून उठलेले, बोगद्यासारख्या बंद मशीनमध्ये जीव गुदमरला म्हणून, आणि डॉक्टरांनी मग ओपन मशीनवर करायला सांगितलेलं. पण मनात धाकधूक होतीच, तिथेही तसंच झालं तर?

होऊ शकतं, हे मी आधीच सांगून टाकते. बाजू मोकळ्या असतात, पण वरती चुंबकाचा मोठा भाग असतोच, आवाजही होतो, आणि चुंबक कमी ताकदीचं असेल तर स्कॅनला वेळ जास्त लागू शकतो, हललात की फोटो हलतो. म्हणून आम्ही सराव केला. घरी पाठीवर पडून, ठकठक आवाज मोबाईलवर लावून, श्वास हळू सोडायचा. डोळे आत जायच्या आधीच मिटायचे, मधेच उघडून छत बघितलं की घाबरायला होतं. हातात बेल देतात ती स्कॅन सुरू व्हायच्या आधी एकदा दाबून बघायची, म्हणजे आपण अडकलोय असं वाटत नाही.

बोलता बोलता कळलं की ते पूर्वी लेथवर काम करायचे आणि डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता. "ते जुनं झालं, डॉक्टरांनी काढला तेव्हाच," म्हणाले, स्कॅनआधी भरायच्या फॉर्मवर लिहिलंच नव्हतं!! मला भीतीपेक्षा याची काळजी वाटली. मशीन ओपन असलं तरी चुंबक ते चुंबकच, बारीक कण आत राहिला असेल तर तो हलून डोळ्याला इजा होऊ शकते. सेंटरला फोन करायला लावला, त्यांनी आधी डोळ्यांचा एक्सरे काढला, कण नव्हता, मग स्कॅन झालं. मधे एकदा बेल दाबली, टेक्निशियन बोलला, पुन्हा शांत पडून राहिले.

तुम्हीही पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट, अंगावर लावलेली औषधाची पट्टी (काहींत धातू असतो), सगळं सांगा, कितीही जुनं असू दे. पेसमेकर किंवा इम्प्लांटचं कार्ड असेल तर सोबत न्या. कॉन्ट्रास्ट (फोटो स्पष्ट यावा म्हणून शिरेतून देतात ते औषध) देणार असतील तर किडनीचा त्रास आधी सांगायचा, आणि गरोदरपण तर कुठल्याही स्कॅनआधी. भीती फारच असेल तर डॉक्टरांना गोळी विचारा, स्वतःहून घेऊ नका, आणि ती घेतली तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सोबत कुणीतरी हवंच.