खाऱ्या पाण्याची जुनी टाकी गोड्या पाण्यासाठी घेताना

भावा, टाकी घेतलीस ते चांगलंच केलंस, पण लगेच मासे आणायला पळू नकोस. आधी जुन्या मालकाला फोन करून एवढंच विचार: आजारी माशांसाठी यात कधी तांब्याचं औषध घातलं होतं का? 'हो' म्हणाला, तर कोळंबी आणि गोगलगायींचा विचार सोडून दे. तांबं वाळूत, दगडांत धरून राहतं. माशांना चालून जाईल एवढं तांबंही कोळंबीला मारतं.

कडांवरचा पांढरा थर आणि काचेवरचा जांभळट कडक थर चुन्याचा असतो. पांढरं व्हिनेगर कापडाला लावून तासभर चिकटवून ठेव, मग जुन्या एटीएम कार्डाने खरवड. सांध्यांतल्या सिलिकॉनला मात्र कार्ड लावू नकोस. साबण तर अजिबात नको. मग गच्चीवर सपाट जागी दोन दिवस भरून ठेव, गळती तिथंच कळेल. रिकामी केल्याशिवाय हलवायची नाही. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन.

प्रवाळाची वाळू आणि दगड काढच. ते विरघळत राहतात, पाणी जड (क्षारांचं) होतं, पीएच चढतो. मलावी सरोवराचे सिक्लिड मासे ठेवणार असशील तर उलट फायद्याचे, निऑन टेट्राला नाहीत. प्रोटीन स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) विकून टाक, गोड्या पाण्यात त्याचा फेसच धरत नाही.

खाऱ्या पाण्यातले जिवाणू गोड्यात टिकत नाहीत, म्हणून सायकल नव्याने, म्हणजे माशांच्या घाणीतून येणारे विषारी अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे जिवाणू परत वाढवायचे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, डीक्लोरिनेटर घाल. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मग शाहूपुरीत मासे बघायला जाऊ, मीही येतो.